आमेदेची मेणबत्ती

माँदेझीरांच्या जमिनीत सुनेचा हक्क नसतो, हे मला लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी कळलं. मी मागच्या दारी मिरचीची रोपं लावत होते. माझी सासू, मा आल्सीन, कमरेवर हात ठेवून बघत उभी राहिली आणि म्हणाली, "लाव, पोरी, लाव. झाड तुझं, मिरच्या तुझ्या. माती मात्र पापा माँदेझीरांची."

पापा माँदेझीर म्हणजे तिचे आजोबा. ते वारले तेव्हा ती रांगत होती. पण त्या घरात त्यांचं नाव असं घेतलं जायचं, जणू म्हातारा आत्ताच परसात गेलाय आणि हात धुऊन येईलच. मळेवाल्या गोऱ्याकडून त्यांनी ही टेकडीची उतरण विकत घेतली होती आणि मरताना एकच सांगून गेले होते. ज्याच्या अंगात माझं रक्त, त्याची ही जमीन. तो इथे असो, लंडनला असो, नाहीतर चंद्रावर. त्याने यावं, घर बांधावं, नीरफणस काढून खावा. विकायची मात्र कुणीच नाही.

आणि सुनांनी, जावयांनी राबायचं. हे ते म्हणाले नव्हते, पण होत होतं तसंच.

मी राबले. आठवड्यातून एकदा आमच्या बेटाच्या बंदरात इंग्लंडला जाणारी केळ्यांची बोट लागायची. त्याच्या आदल्या दिवशी ऑनोरे, माझा नवरा, कोयत्याने घड उतरवायचा आणि मी ते डोक्यावर घेऊन चिखलातून खाली रस्त्यापर्यंत न्यायचे. घडाला जरा ओरखडा उठला की तपासनीस तो बाजूला फेकणार, म्हणून तान्हं मूल न्यावं तसा तो न्यायचा. वाहून वाहून माझ्या टाळूवरचे केस विरळ झाले ते कायमचेच. रविवारी चर्चला जाताना मी रुमाल बांधायचे. लोकांना वाटायचं, ऑनोरेची बायको मोठी धार्मिक.

मग ते जमीन-नोंदणीचं वर्ष आलं.

शाळेत सभा झाली. राजधानीतून, कास्त्रीहून, पोलियस नावाचे तरुण साहेब आले होते, इस्त्रीचा शर्ट घातलेले, पण बोलायला आपल्यातलेच. फळ्यावर त्यांनी एक चौकोन काढला आणि त्यात माणसंच माणसं काढली.

"ही तुमची जमीन," ते म्हणाले. "सगळ्यांची, म्हणजे कुणाचीच नाही. बँकेनं कर्ज द्यायचं कुणाला? मेलेल्या आजोबाला? सरकारनं ठरवलंय. बाहेरचे मोठमोठे सल्लागार आलेत, त्यांचंही हेच म्हणणं आहे. प्रत्येक तुकड्याला एक नकाशा, एक मालक, एक दाखला. मग बघा हा देश कसा उभा राहतो."

"आत्ता काय झोपलाय का तो?" पा तिजो मागून म्हणाला. तो गावातला सगळ्यात म्हातारा. सगळे हसले, साहेबही हसले.

"झोपलेला नाही, काका. हातपाय बांधलेत त्याचे."

"आणि एक मालक नसला तर?" ऑनोरेने विचारलं.

"तर आम्ही 'अमक्याचे वारस' असं लिहू. जमीन कुठं जात नाही. पण त्या दाखल्यावर बँक तुम्हाला चहासुद्धा पाजणार नाही."

मला तो दाखला हवा होता. उगाच साधेपणाचा आव आणत नाही. दाखला आला की कर्ज मिळणार, कर्ज मिळालं की जमिनीवरच पक्की शेड बांधता येणार. सिमेंटची जमीन, नळाचं पाणी, वर पत्रा. घड तिथेच धुवायचे, तिथेच खोक्यात भरायचे आणि खोकी गाडीने खाली जाणार. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे जमीन आज ऑनोरेच्या नावावर झाली तर उद्या माझ्या पोरांच्या नावावर होणार होती. मग मी कुणाच्या तरी आजोबांच्या मातीत नाही, माझ्या मुलांच्या मातीत म्हातारी झाले असते. यात वाईट काय होतं, ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

मा आल्सीन पापा माँदेझीरांची एकटीच उरलेली नात, ती आपला वाटा थोरल्याच्या नावावर करायला तयार होती. ऑनोरेची बहीण इंग्लंडात नर्स होती. तिने लगेच लिहून पाठवलं, जमीन तुझीच आहे बाबा, मी या थंडीतून आता कुठे हलते. राहिला एक आमेदे.

आमेदे माझा धाकटा दीर. मी त्याला फार थोडं पाहिलं, पण विसरता येण्यासारखा नव्हता तो. घरात शिरला की आधी हसू शिरायचं, मग तो. समुद्रापलीकडे कायेनला नदीत सोनं सापडतं असं कुणीतरी सांगितलं आणि तो गेला. पहिल्या वर्षी पत्र आलं, दुसऱ्या वर्षी कुणाच्या तरी हातून आईसाठी निळं कापड आलं. त्यानंतर काही नाही. माझी मोठी मुलगी तेव्हा पाळण्यात होती. ती आता शाळेची शेवटची परीक्षा द्यायला आली होती.

जाण्याआधी त्याने आपल्या घराची जागा आखून ठेवली होती, चार कोपऱ्यांना चार दगड. मा आल्सीन दर महिन्याला तिथलं गवत काढायची. काही लावायची नाही, कुणाला लावू द्यायची नाही. चांगली सपाट, पाणी न साचणारी जागा. अख्ख्या उतरणीवर शेडसाठी त्याहून बरी जागा नव्हती.

"भाऊ जिवंत असेल तर त्याची सही लागेल," पोलियस साहेबांनी ऑनोरेला सांगितलं. "मेला असेल तर गावातल्या दोन वडीलधाऱ्यांनी माझ्यासमोर तसं सांगायचं. ठाऊकच नसेल, तर वारस."

ऑनोरे पा तिजोकडे गेला, मीही गेले. म्हाताऱ्याने रमचा पेला घेतला, पण मान हलवली.

"मी त्याची मेणबत्ती पाहिलेली नाही," तो म्हणाला.

बस्स. मृतांच्या सणाला, नोव्हेंबरच्या दोन तारखेला, सगळं गाव संध्याकाळी स्मशानात जातं आणि ज्याच्या-त्याच्या कबरीवर मेणबत्त्या लागतात. जे समुद्रात गेले, परदेशात गेले, ज्यांना इथे कबर नाही, त्यांची मेणबत्ती मोठ्या क्रुसाच्या पायाशी लागते. मेणबत्ती लागली की माणूस मेला. त्याआधी डॉक्टरने सांगितलं तरी गाव ऐकत नाही. पा तिजोचा स्वतःचा मुलगा मासेमारीला जाऊन परतला नव्हता, त्याची मेणबत्ती लावायला त्याने सहा वर्षं घेतली होती. त्याच्याकडून खोटी साक्ष मिळणार नव्हती.

घरी येताना ऑनोरे वाटेत थांबला. "मी आईला सांगतो तो मेला म्हणून. मग ती लावेल मेणबत्ती."

"कुणी सांगितलं म्हणशील?"

"मार्टिनिकच्या बोटीवरचा कुणीतरी. कायेनला जाऊन आलेला."

"मग सरळ तोंडानं सांग," मी म्हणाले. "खोटं बोलताना तू कान खाजवतोस."

त्याने सांगितलं तेव्हा तो पिंपाशी पाठमोरा उभा राहून हात धूत होता. मा आल्सीन अळकुड्या सोलत होती. तिने सुरी खाली ठेवली नाही. ती अळकुडी सोलून संपवली, पाण्यात टाकली, मग म्हणाली, "नक्की?"

"नक्की, मा."

"तू म्हणतोस म्हणजे नक्कीच," ती म्हणाली. ऑनोरे तिचा थोरला. लहानपणापासून तो तिच्याशी खोटं बोलला नव्हता, निदान तिला तसं वाटत होतं. ती उठून आत गेली. आतून रडण्याचा आवाज येईल म्हणून मी वाट बघत राहिले, पण आला नाही.

सणाच्या दिवशी तिने काळे कपडे घातले. दुकानातली सगळ्यात जाड मेणबत्ती तिने आणवली होती. पापा माँदेझीरांची, माझ्या सासऱ्यांची मेणबत्ती आम्ही कबरींवर लावली आणि मग ती एकटीच मोठ्या क्रुसाकडे चालत गेली. ऑनोरे मागे जायला निघाला, तेव्हा तिने मागे न बघताच हाताने थांबवलं. वारा होता. तीन काड्या विझल्या, चौथीला तिने गुडघे टेकले आणि अंगाचा आडोसा केला. ज्योत उभी राहिल्यावर ती सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "आमेदे. माझा मुलगा."

पा तिजोने टोपी काढली. त्याच्या शेजारच्यांनी काढली. मग सगळ्या स्मशानात एकेक करत टोप्या उतरल्या. मी ऑनोरेकडे बघितलं, तर तो जमिनीकडे बघत होता. मला तिथं उभं राहवेना, खोटं कशाला बोलू. पण पुढच्या आठवड्यात दोन वडीलधाऱ्यांनी साक्ष दिली, साहेबांनी नकाशावर ऑनोरेचं नाव घातलं आणि यादी शाळेच्या भिंतीवर लागली, तेव्हा ते सगळं मागे पडलं होतं. हरकत घ्यायला नाताळपर्यंत मुदत होती. हरकत घेणार कोण? मी शेडला पत्रा लाल घ्यावा की हिरवा, याचा विचार करू लागले.

घरात मात्र निराळंच सुरू झालं होतं.

मा आल्सीनने सुतक रीतसर पाळलं. शेजारणी येऊन प्रार्थना म्हणून गेल्या, तिने त्यांना कोको पाजला. मग ती ऑनोरेला विचारू लागली. एका बोटीच्या दिवशी तो दमून येऊन पायरीवर बसला होता, तेव्हा पहिल्यांदा.

"कशानं गेला रे?"

ऑनोरे गडबडला. "तापानं."

"एकटाच होता?"

आता या प्रश्नाला माझा नवरा 'हो' म्हणू शकला असता. पण तो तिच्या तोंडाकडे बघून म्हणाला, "नाही मा. एक बाई होती. तिनं बघितलं त्याचं."

"कोण बाई?"

"तिथलीच. शेजारी राहायची. शेवटी तिनं पाणी पाजलं."

मा आल्सीनने डोळे मिटले. मग म्हणाली, "देव तिचं भलं करो." त्या रात्री प्रार्थनेत तिने त्या बाईचं नाव घेतलं. नाव म्हणजे, 'आमेदेला पाणी पाजणारी' असं.

पुढच्या आठवड्यात परत. ती बाई तरुण होती की म्हातारी? तिला मुलं होती का? पाणी नदीचं होतं की विहिरीचं? ऑनोरे एकेक उत्तर देत गेला. विहिरीचं, मा. थंड होतं. तिला दोन मुलं होती, आमेदे त्यांना लाकडाच्या होड्या करून द्यायचा. हे शेवटचं त्याने का घातलं, देव जाणे. ते ऐकून मा हसली. "तो करायचाच होड्या," ती म्हणाली. "पसारा नुसता."

आणि ती झोपू लागली. हे मीच पाहिलं, कारण तिच्या खोलीची आणि आमची भिंत एकच. इतकी वर्षं ती रात्री उठायची, दार उघडायची, थोडा वेळ उभी राहायची, दार लावायची. आता भिंतीपलीकडून घोरणं ऐकू येऊ लागलं. जेवण वाढलं, चेहरा भरला. एका सकाळी मी बघते तर ती आमेदेच्या जागेवर वाकलेली. चारही दगड तिने स्वतः उपटून बाजूला लोटले होते.

"शेड इथंच बांधा," ती मला म्हणाली. "त्याला आता कशाला लागतीय जागा."

मी ऑनोरेला सांगितलं, "बघ. तिला शांती मिळाली, आपल्याला जमीन मिळाली. सगळ्यांचं भलं झालंय. तू तेवढा तोंड पाडून हिंडू नकोस."

"सगळ्यांचं?" तो म्हणाला आणि कोयता घेऊन बाहेर गेला. त्या जागेवर त्याने फावडं मारलं नाही. आज पाऊस, उद्या बोट, परवा पाठ दुखते, असं चाललं.

डिसेंबर लागला तशी मा आल्सीनने कोकोच्या बिया भाजल्या, कुटल्या, त्यात दालचिनी घातली आणि हाताने वळून कांड्या केल्या. त्या पानात गुंडाळल्या, वर कापड शिवलं. ते पुडकं तिने ऑनोरेच्या हातात दिलं.

"त्या बोटीवरच्या माणसाला दे. म्हणावं, पुढच्या फेरीत त्या बाईकडे पोचव. आईनं पाठवलंय म्हणावं."

ऑनोरेने ते नेलं. मला वाटलं, फेकलं असेल कुठेतरी. चार दिवसांनी मी खताच्या खोलीत गेले, तर पोत्यांच्या मागे, उंदीर लागू नये म्हणून, ते पत्र्याच्या डब्यात झाकून ठेवलेलं. ते बघून मला राग आला. एवढा मोठा डोंगर खोटं बोलून पार केला आणि आता ओढ्याशी येऊन हा पाय भिजण्याला भितो, असं वाटलं. मी झाकण लावलं आणि पोती पुन्हा पुढे ओढली.

मुदतीचा शेवटचा दिवस होता. सकाळी आम्ही चहा पीत होतो, मा आल्सीन दुसरं पुडकं शिवत बसली होती.

"पहिलं पोचलं का रे?" तिने विचारलं.

"पोचलं, मा."

"काय म्हणाली ती?"

ऑनोरेने तोंड उघडलं. मी वाट बघितली. इतके दिवस त्याने ताप दिला, विहीर दिली, पोरं दिली, होड्या दिल्या. एक निरोप द्यायला काय जातंय, असं मला वाटलं. "म्हणाली..." तो म्हणाला आणि थांबला. पुन्हा म्हणाला, "म्हणाली..." मग त्याने कप खाली ठेवला, आत जाऊन रविवारचा शर्ट घातला आणि उतरणीवरून चालू लागला.

मला काय ते समजलं आणि मी मागे धावले. रुमाल बांधायचंही भान राहिलं नाही. वळणावर मी त्याला गाठलं.

"कुठं निघालास?"

"शाळेत."

"वेड लागलंय का तुला? आजचा दिवस गेला की झालं! आजचा एक दिवस!"

तो चालत राहिला. मी त्याच्या पुढे जाऊन आडवी उभी राहिले आणि त्याच्या छातीवर दोन्ही हात मारले. "मग माझे केस परत दे!" मी ओरडले. "घड वाहून गेलेत ते! वीस वर्षं तुझ्या पणजोबांच्या मातीत राबले मी. माझा काय हक्क आहे इथं, सांग! एका माणसाचा हक्क तू सांभाळणार, जो मेलाय की जिवंत आहे हे देवालाही ठाऊक नाही. आणि मी समोर जिवंत उभी आहे ती?"

त्याने माझे हात धरले. त्याला रडताना मी तोपर्यंत पाहिलं नव्हतं.

"तू म्हणतेस ते सगळं खरं आहे," तो म्हणाला. "पण मला त्या बाईचा निरोप बनवता येईना, विर्जिनी. मी खूप प्रयत्न केला. आता ती उद्या परत विचारेल. मग परवा. मला नाही जमत."

मी बाजूला झाले आणि त्याच्यामागून चालत गेले.

पोलियस साहेब वर्गात कागद आवरत होते. ऑनोरे टेबलासमोर उभा राहिला. "हरकत घ्यायचीय."

"कुणाच्या नोंदीवर?"

"माझ्या."

साहेब हसले, मग त्याचा चेहरा बघून हसायचे थांबले. "माझा भाऊ मेला का, ते मला ठाऊक नाही," ऑनोरे म्हणाला. "बोटीवरचा कुणी माणूस नव्हता. पा तिजोला दोष देऊ नका, त्यानं मेणबत्ती पाहिली आणि ती लागलीच होती."

साहेबांनी दार लोटून घेतलं. ते वाईट माणूस नव्हते, हे मी आजही सांगेन. "ऐका माझं," ते हळू आवाजात म्हणाले. "अख्ख्या गावात तुमच्याइतकी साफ नोंद नाही. बँकेचा माणूस सर्वांत आधी तुमच्याकडे येईल. तुमचा भाऊ आला परत, तर तुम्ही काय त्याला हाकलून देणार आहात? द्या की एक कोपरा. कागद कागदाच्या जागी, भाऊ भावाच्या जागी."

ऑनोरेने मान हलवली. साहेबांनी माझ्याकडे बघितलं. "बाई, तुम्ही सांगा यांना."

मला सांगता आलं असतं. त्या क्षणी मी जोर लावला असता तर तो कदाचित वळलाही असता, कारण तो आतून पार मोडलेला होता. पण मला पोत्यांमागचा तो डबा दिसू लागला. ज्या माणसाला खोटं पुडकंसुद्धा उंदरापासून जपावंसं वाटतं, त्याला कुठे ढकलणार?

"तो सांगतोय ते लिहा, साहेब," मी म्हणाले.

त्यांनी ऑनोरेचं नाव खोडलं आणि वर लिहिलं, माँदेझीरांचे वारस.

लोक आता येऊन मला म्हणतात, तुम्ही शहाणे निघालात. कारण पुढे युरोपने आपली केळी घ्यायचे नियम बदलले, भाव पडले, बोट पंधरवड्याने आणि मग नावापुरती येऊ लागली. दाखल्यावर कर्ज काढून ज्यांनी शेड बांधल्या त्यांच्यापैकी दोघांनी मुलं शिकवून मोठी केली आणि तिघांच्या दारावर बँकेच्या जप्तीची पाटी लागली. आमचं दोन्ही झालं नाही. शहाणपणबिहाणपण काही नव्हतं त्यात. त्या दिवशी टेकडी चढताना मला फक्त शेड दिसत होती, जी होणार नव्हती, आणि मी माझ्या नवऱ्यावर इतकी चिडले होते की त्याच्याशी एक शब्द बोलले नाही. तरी त्याच्या शेजारून चालत होते.

मा आल्सीन पायरीवर बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. ऑनोरे तिच्यासमोर जमिनीवर बसला. लहान असताना बसत असेल तसा.

"मा, मी खोटं बोललो. आमेदे मेला असं मला कुणी सांगितलेलं नाही. जमिनीसाठी बोललो."

तिचा हात थांबला नाही. शेंग फुटली, दाणे सुपात पडले. दुसरी शेंग फुटली. मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते. ती आता त्याला मारेल, शिव्या देईल, आनंदाने ओरडेल, काहीही करेल, असं मला वाटत होतं. मुलगा मेला नाही म्हटल्यावर आईने काय करायचं असतं?

"तो बोटीवरचा माणूस?" तिने विचारलं.

"नव्हता, मा."

"ताप?"

"मला ठाऊक नाही."

तिने पुढची शेंग उचलली. मग फार हळू विचारलं, "आणि ती बाई?"

त्याने नुसती मान हलवली.

"म्हणजे त्याला पाणीसुद्धा कुणी पाजलं नाही," ती म्हणाली.

"मा, तो जिवंत असेल. असेल कुठंतरी. मी एवढंच सांगतोय, की ठाऊक नाही."

मा आल्सीनने सूप बाजूला ठेवलं. तिने समोर बघितलं, उतरणीवरून खाली, जिथून रस्ता वर येतो तिकडे. गेल्या काही आठवड्यांत भरलेला तिचा चेहरा माझ्या डोळ्यांदेखत उतरत गेला. त्यात राग नव्हता, मी शोधला. राग असता तर बरं झालं असतं.

"म्हणजे आता परत वाट बघायची," ती म्हणाली.

ऑनोरेने तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला, पण तिची नजर रस्त्यावरच होती. मी जाऊन तिच्या शेजारी पायरीवर बसले. त्या जमिनीत माझा काही हक्क नव्हता आणि आता होणारही नव्हता.

"हो, मा," मी म्हणाले.